स्वतःचीच बायको पळवली म्हणून

लोअर परळ, मुंबई
रविवार, १७ जानेवारी १९६०

दादा,

पाकिटावरचे अक्षर तुम्ही ओळखाल. ओळखूनही उघडले असेल तर तुमच्या आणि वैनीच्या पायांवर डोके ठेवतो. उघडले नसेल तर पुढचे सगळे वाया, पण लिहून तरी टाकतो.

तेरा वर्षांत आपली दोनच कार्डे झाली. छप्पन सालच्या जानेवारीत इथे गोळीबार झाला तेव्हा तुमचे आले, 'जिवंत आहेस काय?' मी लिहिले, 'आहे.' तुमचे कार्ड मी पोथीत ठेवले आहे.

मार्गशीर्षात जयवंताचे लग्न झाले. पत्रिका पाठवली होती. तुम्ही आला नाहीत, पण आठ दिवसांनी बोटीवरच्या एका माणसाने नारळांचे पोते दारात आणून टाकले. पाठवणाऱ्याचे नाव त्याला सांगता येईना. मी नारळ उलटासुलटा करून पाहिला. शेंडी इतकी जाड ठेवणारा आपल्या वाडीत एकच माणूस आहे. बकुळेने एक नारळ देवापुढे ठेवला आणि बाकीचे चाळीत वाटले.

सून कमल दादरची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते. जयवंत बांधकाम खात्यात नकाशे काढतो. दोघांची मने चांगली जुळली आहेत, पण आमची खोली एक आणि माणसे चार. मी आणि बकुळा संध्याकाळी मुद्दाम बाहेर पडतो. मी भजनाला जातो, ती शेजारच्या कमळाबाईकडे जाऊन तांदूळ निवडते. कमळाबाईच्या घरात आता निवडायचा तांदूळ उरलेला नाही.

तर पोरांनी हनिमूनला जायचे काढले आहे. हा शब्द मला नवा. भजनात झांज वाजवणाऱ्या कुशाबाला विचारले. तो म्हणाला, लग्न झाल्यावर नवरा-बायको दोघेच परगावी जातात आणि तिथे कोणालाच भेटत नाहीत. मी विचारले, मग खातात कुठे? तो म्हणाला, त्याची त्यांना शुद्ध नसते.

कमलने गिरगावच्या फुटपाथवरून एक जुने विलायती मासिक आणले होते. त्यातले एक चित्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. कुठल्याशा बेटाचे आहे. पांढरी वाळू, वाकलेले माड, निळे पाणी आणि माणूस एकही नाही. अशा ठिकाणी जायचे, असे तिच्या मनात आहे. बकुळेने ते चित्र कपाट उघडून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "आपल्या घरामागलो किनारो ह्यो. फकत सुकत घातलेले बांगडे खंय दिसनत नाय."

तेव्हापासून मला दुसरे काही सुचत नाही. म्हणून विचारतो. माडांच्या पलीकडे, अगदी वाळूला लागून आपला मांगर आहे, जिथे आपण पेंढा आणि जाळी ठेवतो. तो आठ दिवस पोरांना द्याल काय?

तुमचा शब्द मी विसरलेलो नाही. रवळनाथासमोर नारळ ठेवून तुम्ही म्हणालात, लवू ज्या दिवशी माझा उंबरा ओलांडील त्या दिवशी मी घर सोडीन. आई अंथरुणावर होती, तुम्ही आठवडा बाजाराला गेला होतात, आणि मी भर दुपारी बकुळेला आणि जयवंताला घेऊन बोट गाठली. श्रावणात आई गेली. पावसाळ्यात बोटी बंद, मला निरोप मिळाला तेव्हा दिवसही होऊन गेले होते. स्वतःचीच बायको पळवली म्हणून अजून वाडीत मला हसतात, हे इथे येणारे लोक सांगतात. जयवंताच्या शाळेसाठी नेले, हे मी तेव्हा सांगून पाठवले होते आणि आजही तेच लिहितो.

पण मांगर उंबऱ्याच्या बाहेर आहे, आणि मी येणार नाही. फक्त पोरे येतील.

तुमचा
लवू


लोअर परळ
शनिवार, ६ फेब्रुवारी १९६०

दादा,

तुमचे कार्ड मिळाले. 'शब्दात पोरे नाहीत. धाड.' चारच शब्द, पण बकुळेने ते माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतले. तिला वाटत होते मी मागचा काही भाग गाळतो आहे.

पोरे शनिवारी, तेरा तारखेला भाऊच्या धक्क्यावरून निघतील. रविवारी मालवणला उतरतील. बोटीतून किनाऱ्यावर आणणाऱ्या पडावात कमल कधी बसलेली नाही. खलाशाला सांगा, तिला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर ठेवण्याआधी विचार. नाहीतर ती शिक्षिका आहे, त्यालाच कान धरून उभा करील.

एक गोष्ट समजावून सांगतो. मलाही ती उशिराच समजली. हनिमूनमध्ये माणसांनी त्यांना भेटायचे नसते. म्हणजे नवी सून बघायला वाडी लोटली तर तो हनिमून राहत नाही, ती सत्यनारायणाची पूजा होते. तेव्हा त्यांना एकटे राहू द्या. वैनीला सांगा, दोन वेळचे जेवण मांगराच्या पायरीवर ठेवून मागे फिरायचे. हे लिहिताना मला स्वतःलाच चमत्कारिक वाटते, पण कुशाबा म्हणतो की असेच असते, आणि त्याचा पुतण्या महाबळेश्वरला जाऊन आला आहे.

देवळात मात्र एकदा न्या. सुनेने रवळनाथाच्या पाया पडावे आणि शेजारच्या देवीची ओटी भरावी. बकुळेने खण बांधून दिला आहे.

वैनीसाठी एक लुगडे पाठवतो. ते मी विणलेले नाही, आमच्या गिरणीत नुसते लट्ठ्याचे जाडे कापड निघते. पण निवडले मी.

लवू


लोअर परळ
रविवार, २८ फेब्रुवारी १९६०

दादा,

पोरे सुखरूप आली. चार दिवस झाले, आणि चाळीत दुसरा विषय नाही. कमल काळी झाली आहे आणि त्याचा तिला अभिमान आहे. शाळेत मुली विचारतात, बाई, तुम्ही शेतावर होता का? ती सांगते, समुद्रावर होते.

मला सगळे सांगितले. वैनीने मांगर शेणाने सारवून भिंतीवर चुन्याची चित्रे काढली, आणि दाराला पडदा म्हणून स्वतःच्या लग्नातले लुगडे लावले. ते ऐकून बकुळा उठून मोरीत गेली आणि उगीच भांडी घासत बसली.

पहिल्या दिवशी बेचाळीस माणसे सून बघायला आली म्हणे. कमलने मोजली. मग तुम्ही हातात कोयता घेऊन मांगराच्या पायरीवर बसलात, आणि येईल त्याला परत धाडलेत. पोरांना एकांत मिळावा म्हणून तुम्ही आठही दिवस तिथेच बसून होता. जयवंत हसून हसून सांगत होता, बाबा, काकांनी आमचा एकांत असा राखला की आम्हाला त्यांच्याशिवाय कोणीच भेटले नाही. दादा, मी तुम्हाला लिहिले होते तसेच तुम्ही केलेत, तुमची चूक नाही.

पण कमल म्हणते, तेच तिला सर्वांत आवडले. ओहोटीच्या वेळी पायाने वाळू चाचपून शिंपल्यातले खुबे कसे काढायचे ते तुम्ही तिला शिकवलेत. जयवंताने ओल्या वाळूत नव्या महाराष्ट्राचा नकाशा काढला, तेव्हा बेळगाव आणि कारवार आत घेतल्याशिवाय तुम्ही त्याला उठू दिले नाही. भरतीने बेळगाव दोनदा वाहून नेले आणि दोन्ही वेळा तुम्ही काठीने परत काढलेत. इथे एवढी वर्षे मोर्चे निघाले, पण इतक्या चिकाटीने बेळगाव कोणी मागितले नसेल.

आता जे लिहायचे ते लिहितो. शेवटच्या दिवशी कमलने तुम्हाला विचारले, बाबा इथे का येत नाहीत? तुम्ही म्हणालात, त्यालाच विचार. तिने घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारले. मी सांगितले, जयवंताच्या शाळेसाठी आम्ही न सांगता निघून आलो, म्हणून दादा रागावले. जयवंत चप्पल काढत होता. तो तसाच थांबला. म्हणाला, "बाबा, मला इथे शाळेत तुम्ही वर्षभराने घातलंत. गावात मी शाळेत जातच होतो."

मी म्हटले, तुला तेव्हाचे नीट आठवत नसेल. पण तो बारा वर्षांचा होता. सगळे आठवते त्या वयातले. कमलने विषय बदलला आणि वैनीच्या हातच्या सोलकढीचे बोलत राहिली. ती चांगली मुलगी आहे.

आपल्या माडांचा वास पोरांच्या कपड्यांना आहे. बकुळेने ते अजून धुवायला टाकलेले नाहीत.

लवू


लोअर परळ
रविवार, २० मार्च १९६०

दादा,

शिमग्याच्या आदल्या दिवशीचे तुमचे पत्र मिळाले. पोरे परत गेल्यावर तुम्ही आपणहून देवळात गेलात आणि धोंडू गुरवाकडून कौल लावलात, हे वाचून मी साचा बंद करून उभा राहिलो. पत्र डब्याबरोबर खात्यात आले होते. शेजारच्या साच्यावरचा गणपत ओरडला, सूत तुटलं काय? मी मान हलवली.

मूर्तीला कळ्या चिकटवून तुम्ही देवाला विचारलेत, माझा शब्द मागे घेऊ काय? उजवी कळी पडली असती तर होकार. पडली डावी. पुन्हा विचारलेत, पुन्हा डावी. धोंडू म्हणाला, या भांडणातले काहीतरी देवासमोर आलेले नाही. तुम्ही म्हणालात, माझे सगळे आले आहे. म्हणून तुम्ही मला लिहिता, तुझ्या बाजूचे गाऱ्हाणे लिहून पाठव, धोंडू वाचील.

मी चार दिवस घेतले. सोबतच्या कागदावर लिहिले आहे. धोंडूला सांगा, खालच्या आवाजात वाच. वाडीतली माणसे दारात बसलेली असतात.

माझी इच्छा तुम्हाला ठाऊक आहेच. मी पन्नाशीला आलो. आपल्या घरात बसून एकदा तुमच्या पानाशेजारी माझे पान मांडलेले मला बघायचे आहे. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे.

*

रवळनाथा,

मी लवू. मुंबईत गिरणीच्या साळखात्यात दोन साचे चालवतो, कापड विणतो. तुझ्या पायरीपर्यंत यायला तोंड नाही, म्हणून कागद येतो आहे.

मी बकुळेला जयवंताच्या शाळेसाठी नेली नाही. मला ती हवी होती म्हणून नेली.

आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. मी पंधरा माणसांत एका गाळ्यात राहत होतो. भिंतीला पंधरा ट्रंका आणि मधे जाणारी-येणारी पाळी. वर्षातून एकदा घरी यायचो, तेव्हा घर माणसांनी भरलेले. चौदा वर्षांतले आमचे दिवस एकत्र केले तर वर्षही भरत नाही. तिची पत्रे वाडीतला कोणीतरी लिहून द्यायचा. त्यात गाय व्याली असायची, आंबा मोहरला असायचा, सगळ्यांची तब्येत बरी असायची. ती कुठेच नसायची.

त्या मे महिन्यात मी विहिरीवर पाय धूत होतो. ती घागर भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी गेल्यार चार म्हयन्यांनी तुमचो आवाज माका आठवना नाय." तक्रार नव्हती. गायीने पाणी प्यायले नाही असे सांगावे तसे सांगितले, आणि घागर उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी दादा बाजाराला गेले आणि मी तिला घेऊन निघालो. पडावात बसेपर्यंत तिला वाटत होते, मी दादांना विचारले आहे. तेव्हा तिच्याकडे बोट नको. आईला मी विचारले नाही. विचारले असते तर ती 'जा' म्हणाली असती, आणि आजारी आईने 'जा' म्हटल्यावर माझे पाय निघाले नसते. म्हणून तिच्या पाया न पडता निघालो. पुढचे तीन महिने आईचे सगळे एकट्या वैनीने केले. बायको हवी म्हणून नेली असे सांगायची पुरुषमाणसाला लाज वाटली, म्हणून शाळेचे कारण काढले आणि तेरा वर्षे तेच घोकले.

न विचारल्याचा मला पश्चात्ताप आहे. आईचे तोंड न बघितल्याचा तर रोज आहे. पण नेल्याचा नाही. तोही मागितलास तर मला खोटे बोलावे लागेल, आणि तुझ्यापुढे ते आता पुरे झाले.

तू कौल देशील तो मी मानीन. डावा दिलास तरी तू माझाच देव आहेस.


लोअर परळ
रविवार, १० एप्रिल १९६०

दादा,

तुमचे दोन पानी पत्र मी आणि बकुळेने दाराला कडी लावून वाचले. ती मधेच हसत होती, मधेच पदर तोंडाला लावत होती. मग पोरे आली, त्यांना वाचून दाखवले. मग कुशाबा आला. आता चाळीत सगळ्यांना माहीत झाले आहे. माझे बजावणे धोंडूने मानले नाही, तर मी एकट्याने का मानावे?

खालच्या आवाजात वाच म्हटले होते, आणि मागे बसलेल्यांना ऐकू आले नाही म्हणून त्याने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा तर उभा राहून. विहिरीवरचे वाक्य आले तेव्हा देवळात कोणी खोकलेसुद्धा नाही, असे तुम्ही लिहिता. आणि तरी कळी डावीच पडली. तिसऱ्यांदा.

इथपर्यंत वाचून मी कागद खाली ठेवला होता, दादा. मनात म्हटले, बरे, देवाला खरे तरी सांगून झाले. बकुळा म्हणाली, मागे पान आहे.

वैनी बायकांच्या बाजूने उठली. लग्न होऊन आल्यापासून तेहतीस वर्षांत ती देवळात चार माणसांसमोर बोलल्याचे मला आठवत नाही. ती देवाला काही बोलली नाही. तुमच्याकडे बघून म्हणाली, "तुमी आठ वर्सां मुंबयत व्हतास. माका कित्याक नाय पळवलास?"

तुम्ही आठ वर्षे त्याच गाळ्यात काढलीत. वडील गेल्यावर घर सांभाळायला परत गेलात, म्हणून मी इथे टिकलो. वैनीने त्या आठ वर्षांत काय केले हे आपण दोघांनी कधी विचारले नाही. मी निदान पळवली. तुम्हाला तसे करावेसे वाटले होते की नाही, हे मी विचारत नाही. पण माझ्यावर तेरा वर्षे एवढा राग का टिकला, ते मला आता थोडे कळल्यासारखे वाटते. चुकत असेन तर रागवा.

आणि मग वैनीनेच वाट काढली. देव शब्द मागे घेऊ देत नाही, तर शब्द पाळा. लवू उंबरा ओलांडील त्या दिवशी घर सोडीन म्हणालात ना, सोडा. किती दिवसांसाठी ते तुम्ही देवाला सांगितलेले नाही. एक महिना मुंबईला जाऊ. लवूच्या खोलीत राहू.

धोंडूने तसा कौल लावला आणि त्याचे विचारून पुरे व्हायच्या आत उजवी कळी खाली. धोंडू म्हणाला, देव याचीच वाट बघत होता, आपल्या डोक्यात उजेड पडेना. तुम्ही लिहिता की लोक हसले. तुम्ही हसलात की नाही ते लिहिलेले नाही.

मी रजा टाकली आहे. माझ्या साच्यांवर महिनाभर बदली कामगार बसेल. आम्ही एकोणतीस तारखेच्या सकाळी मालवणला उतरू. उत्तरेकडे जाणारी बोट त्याच दुपारी आहे. म्हणजे मी उंबरा ओलांडीन त्याच दिवशी तुम्ही निघाल आणि शब्दाला बाध येणार नाही. एक मेला इथे मोठा सोहळा आहे, नवे राज्य जन्मणार आहे. गिरणीच्या दारांवर दिव्यांच्या माळा चढवायला सुरुवात झाली आहे. वैनीला ते बघायला मिळेल.

जयवंत आणि कमल तुम्हाला न्यायला धक्क्यावर येतील. ती दोघे महिनाभर संध्याकाळी भजनाला जातील असे म्हणतात. भजन त्यांना येत नाही.

लवू


मुक्काम गावी
रविवार, ८ मे १९६०

दादा,

हे पहिले पत्र मी आपल्या घरातून तुम्हाला माझ्याच पत्त्यावर लिहितो आहे. पाकिटावर 'लोअर परळ' लिहिताना हात थांबला.

त्या दिवशी आम्ही अंगणात आलो तेव्हा तुम्ही ओटीवर छत्री आणि गाठोडे घेऊन तयार उभे होता, जणू बोट माडाला बांधलेली आहे. वैनीच्या पायात नव्या चपला. मी अंगणातच थांबलो. तुमचे केस सगळे पांढरे झाले आहेत. मला ते कोणी सांगितले नव्हते. जयवंताने सांगायला हवे होते.

तुम्ही म्हणालात, "पाय धू आणि आत ये."

मी पाय धुतले. दोन्ही पायांवर पाणी घालायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. मी आत पाऊल टाकले तेव्हाच तुम्ही बाहेर टाकलेत, कारण शब्द म्हणजे शब्द, आणि उंबऱ्यावर आपले खांदे एकमेकांना घासले. तुम्ही माझा दंड धरलात. तोल जाऊ नये म्हणून असेल. पण तोल सावरल्यावरही सोडला नाहीत. वैनी म्हणाली, पान वाढलंय, जेवून निघू, बोटीला अवकाश आहे. तुम्ही म्हणालात, मी घर सोडलंय. मग तिने दोन्ही पाने अंगणात आणून मांडली. माडाच्या सावलीत, शेजारी शेजारी. दादा, मी त्या दिवशी काय जेवलो ते मला आठवत नाही. कुशाबा म्हणत होता तसे, शुद्धच नव्हती.

तुम्हाला पडावात बसवून आलो. वैनीने चपला काढून हातात घेतल्या होत्या, भिजतील म्हणून. पडाव दूर जाईपर्यंत ती बकुळेकडे बघून त्या हलवत होती.

जयवंताचे पत्र परवा आले. त्यातले काही खरे आहे का ते मला तुमच्याकडून कळायला हवे. एक मेच्या संध्याकाळी ट्रामने रोषणाई बघत फिरताना वैनीने खाली उतरायला नकार दिला आणि तुम्ही चौघे त्याच ट्राममध्ये तीन फेऱ्या बसून राहिलात, हे खरे काय? गिरगाव चौपाटीवर तुम्ही भेळवाल्याला सांगितलेत की समुद्र ठीक आहे पण त्याला मासळीचा वास नाही, तेव्हा यात काहीतरी भेसळ आहे, हे खरे काय? भेळ मात्र दोनदा घेतलीत, असे कमल लिहिते.

आणि तुम्ही वैनीला आपला जुना गाळा दाखवायला नेलेत. तिथे अजूनही माणसे राहतात, भिंतीला ट्रंका आहेत. जयवंत लिहितो की वैनी दारात उभी राहिली, आतल्यांनी बसायला सांगितले तरी बसली नाही. तुमची जागा कुठली, म्हणून विचारले. तुम्ही खिडकीजवळची जमीन दाखवलीत. ती आत गेली आणि तेवढ्या जागेवर उभी राहून खिडकीतून बाहेर बघून आली. जिना उतरताना तिने तुमचा हात धरला होता, असे कमलने खाली वेगळ्या शाईने लिहिले आहे.

आमचे म्हणाल तर आम्ही मांगरातच आहोत. घर आता उघडे आहे, मी आत-बाहेर करतो, काही वेळा उगीचच करतो. पण झोपायला बकुळेला मांगर हवा. वैनीने काढलेली चुन्याची चित्रे अजून आहेत. सकाळी आम्ही वाळूवरून पार खडकापर्यंत चालत जातो. सत्तावीस वर्षांत आम्ही असे कधी चाललो नव्हतो. मुंबईत रस्त्यावर ती चार पावले मागे चालते. इथे पहिले दोन दिवस तशीच चालली. तिसऱ्या दिवशी माझ्या बरोबरीला आली आणि म्हणाली, मागून तुमचे ऐकू येत नाही. मी तर काही बोलतही नव्हतो. मग बोललो. काय काय बोललो कोणास ठाऊक, खडक मागे पडला तरी कळले नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई ओहोटीत लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून खुबे काढते आणि एकेक काढल्यावर मला दाखवते. रवळनाथाला मी दुसरे काही मागत नाही. काल देवळात गेलो तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. धोंडूने विचारले, काय गाऱ्हाणे? मी म्हटले, काही नाही.

वाडीतले लोक आम्हाला बघायला येतात, पण मांगरापर्यंत येत नाहीत. माडांच्या रांगेपाशी उभे राहून हाक मारतात. दौलत तांडेल मासे तिथेच माडाला टांगून जातो. तुम्ही पोरांच्या वेळी शिस्त लावून ठेवली आहे.

गाय बरी आहे. पहिल्या दिवशी तिने मला ओळखले नाही, आता खुराक बघून ओळखते. आंब्याची अढी बकुळेने घातली आहे.

घरातल्या देवांची पूजा तुम्ही माझ्यावर सोपवून गेलात. तुम्ही निघताना मान देवघराकडे वळवलीत आणि मी हो म्हटले, एवढेच. पण मला समजले. थोरल्याच्या हातचे काम धाकट्याला असे मिळत नाही. रोज सकाळी देवांना आंघोळ घालतो. घंटा तीच आहे, आईच्या वेळची. फक्त चंदनाचे खोड तुम्ही कुठे ठेवता ते सापडत नाही. देवघर पाहिले, फडताळ पाहिले, उतरंडीमागे हात घालून पाहिले. बकुळा म्हणते, दादांना लिहून विचारा. पण विचारले तर तुम्ही दाखवायला उद्याच्या बोटीने याल, मला तुमचा स्वभाव माहीत आहे. म्हणून विचारत नाही. देवांना हळदीचे गंध लावतो. दहा दिवस झाले, त्यांची काही तक्रार दिसत नाही.

महिनाअखेरीच्या बोटीआधी येऊ नका.

तुमचा
लवू